आधी हात कुठं अडतो ते बघ

काल रात्री अकराला तुझा फोन आला. "आक्का, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? क्लासचे सर एक म्हणायलेत, कॅमेरा भाड्यानं देणारा दुसरंच सांगायला, अन् यूट्यूबवर बघावं तर प्रत्येकाचं तिसरंच." मी लगेच नाव सांगितलं नाही, म्हणून तू थोडी हिरमुसलीस. ते मला फोनवरूनही कळलं. पण बाळा, तुझं काम न बघता नाव सांगणं म्हणजे पाय न बघता चपलेचं माप सांगणं. आज नांदेडला संध्याकाळी काम नव्हतं. म्हणून शांतपणे बसून सगळं लिहून काढते. सावकाश वाच.

मी या कामात पडले तेव्हा आपल्याकडं याला एडिटिंग कुणी म्हणत नव्हतं. 'मिक्सिंग' म्हणायचे. अजूनही लोहा-कंधारकडचे लोक "मिक्सिंग झालं का ताई?" असंच विचारतात. इतकी वर्षं मिक्सिंग करून मला एक गोष्ट पक्की कळली. आपला वेळ कापाकापीत फार जात नाही. तो जातो कार्डावरचा डेटा उतरवण्यात, आवाज जुळवण्यात, नावं लिहिण्यात, रेंडरची वाट बघण्यात आणि "ताई, मामांचा फोटो राहिला" म्हणून पुन्हा उघडलेल्या फायलीत. सॉफ्टवेअर निवडायचं ते तुझा हात जिथं अडतो ती जागा मोकळी करणारं. म्हणून निवडीआधी ती जागा शोध.

एक वही घे. आठ दिवस, जे काम करशील त्याचा वेळ लिही. डेटा कॉपी किती वेळ, निवड किती, जोडणी किती, आवाज, टायटल, रंग, रेंडर, दुरुस्त्या. मी पहिल्यांदा अशी वही ठेवली तेव्हा माझा निम्म्याहून जास्त वेळ जोडणीच्या बाहेर जात होता. मी मात्र तोवर जोडणी झटपट करणारं सॉफ्टवेअर शोधत फिरत होते.

माझी चूक तुला सांगते, म्हणजे तुझी होणार नाही. एका वैशाखात, ऐन लगीनसराईत, मी सॉफ्टवेअर बदललं. दुसऱ्या कुणाचा हायलाइट बघितला, त्यातली चमक डोळ्यांत भरली आणि रातोरात नवं टाकलं. बोटांना जुन्या शॉर्टकटची सवय. जे काम डोळे मिटून व्हायचं त्यासाठी मेनू शोधत बसायला लागले. लग्नं साचत गेली. एका घरचे वडील तीनदा हेलपाटा मारून गेले. त्यांची मुलगी पहिल्या मुळाला माहेरी आली, तिला पाहुण्यांसोबत बसून आपलं लग्न बघायचं होतं, आणि माझ्याकडं द्यायला काही नव्हतं. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला आजही टोचतं. तेव्हापासून माझा नियम आहे: हत्यार बदलायचं तर आषाढी एकादशीनंतर. चातुर्मासात लग्नं नसतात, शिकायला सवड असते, चुकलं तरी कुणाचं अडत नाही. तुळशीचं लग्न लागेपर्यंत हात बसलेला असला पाहिजे.

आता तुझ्या कामाकडं येऊ. तू सांगितलंस त्यावरून ते तीन तऱ्हेचं आहे: लातुरातल्या क्लासची लेक्चरं, औसा-निलंग्याकडची लग्नं, आणि अधूनमधून गावच्या सप्ताहातलं कीर्तन. तिन्हींची गरज वेगळी आहे.

लेक्चरचं आधी बघू. लातूरला शिकायला आलेली पोरं रात्री खोलीवर तेच लेक्चर पुन्हा बघतात. त्यांना सरांचा आवाज स्वच्छ हवा आणि फळ्यावरचं अक्षर वाचता यायला हवं. तिथं तुझ्या इफेक्टची काही गरज नाही. दोन तासांच्या एका सलग फायलीची सुरुवात आणि शेवट छाटायचा, मधली सुट्टी काढायची, एवढंच काम असेल तर 'लॉसलेसकट' नावाचं फुकट साधन वापर. ते व्हिडिओ पुन्हा तयार करत नाही. आहे तीच फाइल तोडून बाजूला ठेवतं. म्हणून रेंडरला जो वेळ जातो तो जवळजवळ सगळा वाचतो आणि चित्राचा दर्जाही तसाच राहतो. एक मात्र लक्षात ठेव. ते कीफ्रेमवर, म्हणजे फायलीतल्या ठरावीक फ्रेमांवरच तोडतं, त्यामुळं काप कधी सेकंदभर मागंपुढं होतो. लेक्चरला ते चालतं. लग्नातल्या अक्षतांना चालणार नाही. सर पडद्यावरून शिकवत असतील तर रेकॉर्डिंगला ओबीएस स्टुडिओ आहे, तेही फुकट. वर क्लासचं नाव आणि धड्याचं शीर्षक टाकायचं असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह पुरतं. सुईच्या कामाला दाभण घेऊ नकोस. वाचलेल्या पैशातून सरांच्या कॉलरला लावायचा चांगला माइक घे. पंख्याची घरघर सॉफ्टवेअरनं काढण्यापेक्षा ती आत येऊच न देणं सोपं.

लग्नाचं काम वेगळं, आणि इथंच तुझा गोंधळ झालाय. नावं तीनच नीट समजून घे.

पहिलं एडियस. जपानच्या कोबेतल्या कॅनोपस कंपनीचं हे लेकरू, आता ग्रास व्हॅलीकडं आहे. आपल्याकडच्या मिक्सिंगवाल्यांची एक अख्खी पिढी यावर वाढली. कारण साधं आहे. लग्नात एक कॅमेरा एका कंपनीचा, दुसरा दुसरीचा, वर कुणाच्या तरी मोबाइलचं शूटिंग. ही सगळी खिचडी एडियस एकाच टाइमलाइनवर घेतं आणि मध्यम ताकदीच्या कॉम्प्युटरवरही न अडखळता चालवतं. तीन तासांचं सलग लग्न करायचं असेल, पाहुण्यांची रांगच्या रांग दाखवायची असेल, तर ते अजूनही कामाचं आहे. पैसे एकदाच भरायचे. चालतं मात्र फक्त विंडोजवर.

दुसरं प्रीमियर प्रो. अडोबीचं. याचं खरं बळ सोबतीत आहे: फोटोशॉप आणि आफ्टर इफेक्ट्स हातात हात घालून चालतात, तयार टेम्प्लेट भरपूर मिळतात, आणि पुण्या-मुंबईच्या कुणाकडून काम आलं तर बहुतेक याच प्रोजेक्ट फायलीत येतं. तुला पुढं बाहेरची कामं घ्यायची असतील तर हे यायलाच हवं. पण हे विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतं. त्या भाड्याबद्दल पुढं बोलते.

तिसरं डाव्हिन्ची रिझॉल्व्ह. हे मुळात रंगाचं यंत्र. सिनेमाच्या फिल्मचे रंग सुधारणारी डाव्हिन्ची यंत्रं मोठ्या लॅबमध्ये असायची. २००९ साली ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइननं ती कंपनी घेतली आणि पुढं तेच सॉफ्टवेअर सामान्य माणसाच्या कॉम्प्युटरवर आणलं, तेही फुकट. फुकट आवृत्तीतून अल्ट्रा एचडीपर्यंतचा व्हिडिओ निघतो, त्यावर कुठला शिक्का येत नाही. स्टुडिओ आवृत्ती एकदाच विकत घ्यायची असते. रात्रीच्या वरातीत अंधारामुळं चित्रावर जे दाणे येतात ते घालवायची सोय मात्र त्या स्टुडिओ आवृत्तीतच आहे. आणि या सॉफ्टवेअरला ग्राफिक्स कार्ड दमदार लागतं. तुझ्याकडं ते नसेल तर नुसती फुकट म्हणून ओढ लावून घेऊ नकोस. चित्र अडकत चालेल आणि तू स्वतःलाच दोष देत बसशील.

मॅक घेतलास तर फायनल कटचा विचार कर. ते विंडोजवर चालत नाही.

रंगाची गोष्ट निघालीच आहे तर एक मनातलं सांगते. आपल्या मांडवाचं कापड गुलाबी नाहीतर पिवळं असतं. दुपारच्या उन्हात ते सगळं नवरीच्या चेहऱ्यावर उतरतं, आणि हळदीच्या दिवशी तर अंगावरची हळद आणि मांडवाचा पिवळेपणा एकमेकांत मिसळून जातात. रिझॉल्व्हच्या कलर पानावर फक्त चेहऱ्याचा भाग वेगळा निवडून तो पिवळेपणा कमी करता येतो आणि हळद हळदीसारखी राहते. हे कौशल्य शीक. पण कुणी म्हणालं, "ताई, नवरीला जरा गोरी करा," तर तिचा सावळा रंग पुसू नकोस. उजेड सुधार, मांडवाची झाक काढ, आणि तिला तिच्यासारखीच राहू दे. वीस वर्षांनी तिची मुलगी हा व्हिडिओ बघेल. तिला तिच्या आईचा खरा चेहरा दिसायला पाहिजे.

कीर्तनाला लागतो तो मल्टिकॅम आणि आवाजाची जुळणी. एक कॅमेरा बुवांवर, एक टाळकऱ्यांवर, एक श्रोत्यांवर, आणि आवाज मिक्सरमधून वेगळा घेतलेला. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह दोन्ही या फायली आवाजाच्या लहरींवरून आपोआप जुळवतात. मग फक्त चालू व्हिडिओ बघत एक, दोन, तीन अशी बटणं दाबून कॅमेरे बदलायचे. महिन्याला एखादं कीर्तन असेल तर ही सोय चैनीची आहे. सप्ताहाचे सातही दिवस तुझ्याकडं असतील तर गरजेची.

आता जिथं माझे हात पोळले ती जागा. एका लग्नात मुख्य कॅमेरा मध्येच बंद पडला आणि मंगलाष्टकांचं शूटिंग नवरीच्या आतेभावाच्या मोबाइलवरून घ्यावं लागलं. आवाज मात्र स्पीकरवाल्याकडून स्वच्छ मिळाला होता. मी दोन्ही जुळवले, पहिलं कडवं बरोबर बसलं. मी पुढचं न बघताच रेंडर लावलं. शेवटाकडं भटजींचे ओठ आधी हलत होते आणि "सावधान" मागून येत होतं. अंतरपाट खाली पडला, अक्षता उडाल्या, वाजंत्री मात्र क्षणभरानं सुरू झाली. घरच्यांनी बघितलं आणि मला सगळं पुन्हा करावं लागलं.

कारण नंतर कळलं. मोबाइल दर सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की फ्रेम कमीजास्त होतात. टाइमलाइन मात्र ठरावीक गतीनं चालते, आणि थोडा थोडा फरक साठत जातो. उपाय सोपा आहे. मोबाइलची फाइल आली की आधी हँडब्रेक या फुकट साधनातून ती ठरावीक फ्रेम दराची करून घे, मगच टाइमलाइनवर टाक. आणि आपल्या देशातली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून कॅमेरे २५ फ्रेमवर आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेव. मंगल कार्यालयातल्या दिव्यांची फडफड बरीच कमी होते. मोबाइल आपणहून ३० वर असतो. तो आधीच बदलून घेतलास तर निम्मं दुखणं जन्मालाच येत नाही.

दुसरी जागा आपल्या भाषेची. हे तुला यूट्यूबवरचे परदेशी शिक्षक सांगणार नाहीत. लग्नाच्या व्हिडिओतलं पहिलं टायटलच 'चि. सौ. कां.' असं असतं, आणि तिथंच सॉफ्टवेअर फसतं. 'चि'ची वेलांटी च च्या मागं जाऊन बसते, 'आशीर्वाद'चा रफार भलत्याच अक्षरावर चढतो, जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. प्रीमियरमध्ये असं झालं तर घाबरू नकोस. प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सच्या भागात मजकुरासाठी 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' असा पर्याय आहे, तो निवड. जुने लोक श्रीलिपीतून वेगळ्या फॉन्टमध्ये टाइप करून ही अडचण टाळायचे, पण तो मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेला की नुसती चिन्हं दिसतात. तू सरळ युनिकोडच धर. मुक्त, बालू हे मुंबईच्या एक टाइपचे फॉन्ट फुकट आहेत आणि व्यवसायालाही चालतात.

कोणतंही नवं सॉफ्टवेअर हातात घेतलंस की आधी त्यात चार शब्द लिहून बघ: चिरंजीव, आशीर्वाद, ज्ञानेश्वर, दुसऱ्या. शेवटच्या शब्दातला ऱ्य मुद्दाम दिलाय. तो आपल्या मराठीचा खास आहे, आणि हिंदीपुरतीच काळजी घेतलेले फॉन्ट तिथंच उघडे पडतात. लोकांच्या नावात चूक झालेली कुणी विसरत नाही गं. पत्रिकेवरचं नाव जसं आहे तसं पडद्यावर आलं पाहिजे.

आता मशीन, डिस्क आणि लाइट. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटनं लिहीत असेल तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे पाच-पाच तास चालले की ४५० जीबी. एवढंच पुन्हा दुसऱ्या डिस्कवर, कारण एकाच जागी ठेवलेला डेटा ठेवला असं मी मानतच नाही. सॉफ्टवेअरचे पैसे मोजायच्या आधी या दोन डिस्क आणि एक यूपीएस तुझ्या टेबलावर पाहिजे. लाइट गेल्यावर फाइल जतन करायला दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. ऑटोसेव्ह किती मिनिटांनी होतं ते बघ आणि पाचवर आण. मशीन जुनं असेल तर प्रॉक्सी वापरायला शीक. मूळ फायलींच्या हलक्या प्रती करून त्यांवर काम करायचं आणि शेवटी रेंडर मूळ फायलींवरून काढायचं. तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे, आणि नवं मशीन घेणं त्यामुळं एखादं वर्ष पुढं ढकलता येतं.

आपण दोघी कधी एकमेकींचं काम उचलणार असू तर एक फरक ध्यानात ठेव. प्रीमियर आणि एडियसमध्ये प्रोजेक्टची फाइल फोल्डरमध्ये दिसते, ती उचलून पेनड्राइव्हवर घेता येते. रिझॉल्व्ह प्रोजेक्ट आपल्या डेटाबेसमध्ये ठेवतं, तिथून आठवणीनं एक्सपोर्ट करावं लागतं. मशीन फॉरमॅट करण्याआधी हे विसरलीस तर फुटेज राहील आणि महिनाभराची मेहनत जाईल.

पैशाचं. भाड्याचं सॉफ्टवेअर वाईट नाही, पण आपली कमाई महिन्याच्या महिन्याला येत नाही. चातुर्मासात लग्नं थांबतात, भाडं थांबत नाही. हप्ता महिन्याचा दिसला तरी करार वर्षाचा आहे का आणि मध्येच सोडलं तर काय द्यावं लागतं, ते आधी वाच. बारा महिन्यांचे पैसे एकत्र मांड आणि कमाईच्या महिन्यांनी भाग. क्लासचं काम वर्षभर चालत असेल तर त्यातून भाडं निघेल. नुसत्या लग्नांवर असशील तर एकदाच विकत घ्यायचं किंवा फुकटचं बरं.

आणि कुणी पेनड्राइव्हवर 'क्रॅक' करून दिलेलं घेऊ नकोस. मी सुरुवातीला घेतलं होतं, आणि त्याच्याबरोबर आलेल्या व्हायरसनं दोन लग्नांचे प्रोजेक्ट खाल्ले. लोकांच्या घरातल्या आठवणी आपल्या कॉम्प्युटरवर असतात. त्या कॉम्प्युटरवर परकं काही येऊ द्यायचं नाही. फुकट आणि चांगली साधनं आज इतकी आहेत की चोरीचं वापरायला कारणच उरलेलं नाही.

मोबाइलवर रील करतेस ते कर, त्याला काइनमास्टर, इनशॉट पुरेत. पण मूळ काम अ‍ॅपमध्येच अडकवून ठेवू नकोस. २०२० च्या जूनअखेरीस सरकारनं एकदम ५९ अ‍ॅप बंद केली. टिकटॉकचं नाव सगळ्यांना आठवतं, पण त्या यादीत विवाव्हिडिओसुद्धा होतं, ज्यावर आपल्याकडची कितीतरी पोरं एडिटिंग शिकली होती. अ‍ॅप जाऊ शकतं, मूळ फायली तुझ्याजवळ राहिल्या पाहिजेत.

तर आता असं कर. तुझ्याच एखाद्या जुन्या लग्नातले पंधरा मिनिटांचे तुकडे काढ: थोडी हळद, थोडी मंगलाष्टकं, थोडी रात्रीची वरात, एक मोबाइलची फाइल. चाचणी आवृत्ती घेऊन तेच तुकडे दोन सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत कर. टायटल टाक, रेंडर काढ, पेनड्राइव्ह लावून घरच्या टीव्हीवर बघ. कुठं अडलीस ते वहीत लिही. जिथं कमी अडलीस ते तुझं. मग निदान एक अख्खा हंगाम दुसरीकडं बघायचं नाही.

आणि बाळा, लोक तुला अजून काही वर्षं "मिक्सिंगवाला कुठंय?" असं विचारतील आणि तुझ्या मागं बघतील. मलाही विचारायचे. निवड तू केलेली असली, ती का केली हे तुला ठाऊक असलं, की अशा वेळी मान खाली जात नाही.

पुढच्या रविवारी मी लोहा-अहमदपूरच्या बसनं तुझ्याकडं येते. कोणतं घेऊ म्हणून तेव्हा विचारू नकोस. वही काढ आणि मला आठ दिवसांचं पान वाचून दाखव. नाव त्यातूनच निघेल.